भाऊ, मशीन का अडकत होतं ते कळलं

भाऊ, आपलं भांडण अर्धवट राहिलंय. त्या दुपारी टेबलाखाली चपला शोधत तुम्ही म्हणालात, ‘संगे, जेवून येतो, मग भांडू.’ मी मान वर न करता म्हटलं, ‘या या, मी कुठं पळून चाललेय.’ मी आहे तिथंच आहे. तुम्ही जेवलात, भाभींना म्हणालात जरा पडतो, आणि उठलाच नाहीत. ही काय रीत झाली? भांडणाला वेळ देऊन असं कुणी जातं का?

लोक येतात, बसतात, म्हणतात, भाऊंना चांगलं मरण आलं, कुणाला त्रास नाही. मी मान हलवते आणि आतून चिडते. त्रास नाही कसा? मला आहे की! डोक्यात अजून तुमच्याशी वाद चालू आहे आणि समोरून उत्तर येत नाही. रस्त्यानं चालताना माझे ओठ हलतात. परवा कामशेत स्टेशनसमोर एका बाईनं विचारलं, ‘काय म्हणालात?’ मी म्हटलं, ‘तुम्हाला नाही हो.’ ती बिचारी बाजूला झाली.

भांडण कशावरून, तर मशीनवरून. दुसरं काय असणार. बाजारपेठेतलं आपलं दुकान म्हणजे दोन टेबलं, कागदांचं एक कपाट आणि दोन कॉम्प्युटर. नवा माझा, जुना तुमचा. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, दुकानांच्या पाट्या, सगळ्यांची अक्षरं तुमच्या त्या जुन्या मशीनवर जुळायची. आणि ते अडकायचं. बंद पडलं असतं तर बरं, एकदाचा निकाल लागला असता. ते बंद पडायचं नाही, चालता चालता थिजायचं. माउसचा बाण जागच्या जागी, डब्यावरचा लाल दिवा एकटक पेटलेला आणि आतून कट्‌कट् कट्‌कट्. त्या वेळात आपण काही टाइप केलं तर पडद्यावर काही उमटायचं नाही. मग मनात आलं की सुटायचं, आणि मघापासून टाइप केलेलं सगळं एकदम भडाभडा बाहेर पडायचं, सासरहून पहिल्यांदा माहेरी आलेल्या पोरीसारखं.

मी म्हणायचे, हार्ड डिस्क गेलीय. आतली ती चकती, जिच्यावर सगळं साठवलेलं असतं, ती म्हातारी झालीय, बदला. तुम्ही म्हणायचात, ‘म्हातारं झालं की बदलायचं? मग मला कवा बदलतीस?’ वाद जिंकायची तुमची ही पद्धत मला कधीच आवडली नाही.

तुमचा संशय होता ओलीवर. त्याला कारणही होतं. मावळात पावसाळ्यात कपाटात बल्ब लावत नाही असं घर सापडायचं नाही. पापड, काडेपेट्या, लग्नातले शालू, सगळ्यांना ऊब द्यावी लागते, नाहीतर बुरशी. आपणही कागदांच्या कपाटात लावायचो. पत्रिकेचा कागद एकदा लुळा पडला की त्यावर शाई धरत नाही. अशाच एका पावसाळ्यात मशीन सुरूच होईना. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही, उचललं आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात बल्बशेजारी ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पठ्ठ्या सुरू! तुमचा चेहरा असा काही फुलला होता, जणू मेलेलं माणूस उठवलंत. तेव्हापासून मशीनचा मुक्काम कपाटात. वायरी मागच्या भोकातून बाहेर, दार लोटलेलं, आत बल्ब. पावसाळा संपला तरी बल्ब गेला नाही. ‘आसू दे. ऊब कुनाला नको आसती?’

एकदा लागू पडलेलं औषध माणूस जन्मभर घेतो. मशीन जास्त अडकायला लागलं तसा तुम्ही बल्ब मोठा केलात. आधी झिरोचा होता, मग साठाचा झाला, शेवटी शंभराचा.

तरी अडकायचंच. मग दुसरा संशयित आला, शेजारची भाताची गिरण. तुम्ही शोधून काढलं की मशीन सकाळी शहाण्यासारखं वागतं आणि गिरण सुरू झाली की वेड्यासारखं. म्हणजे गिरण वीज ओढते. गिरणीवाल्या आबांशी तुमचं कडाक्याचं झालं. आबा अंगावरचा कोंडा झटकत दारात आले होते. ‘भाऊ, तुमचा डबा येडा हाय, त्यात माज्या गिरनीचा काय दोष? मी काय आता हातानं भात सडू व्हय?’ तुम्ही स्टॅबिलायझर आणलात, बॅटरी आणलीत. अडकणं काही थांबलं नाही. पण आबांशी बोलणं मात्र बरेच दिवस थांबलं.

आणि लोणावळ्याचा दुरुस्तीवाला. चादरीत गुंडाळून, टमटममध्ये मांडीवर घेऊन मशीन त्याच्याकडे नेलंत, नातवाला दवाखान्यात नेतात तसं. त्याच्या टेबलावर ते दिवसभर चालू होतं, एकदाही अडकलं नाही. त्यानं फोन केला, ‘भाऊ, यात काहीच दोष नाहीये.’ तुम्ही ते परत आणलंत, कपाटात ठेवलंत, बल्ब लावलात, आणि चहा यायच्या आत ते अडकलं. तुम्ही म्हणालात, डॉक्टरसमोर ताप उतरतोच. मी म्हटलं, बघा, डिस्कच. दोघांनाही आपापलं खरं वाटलं आणि आपण पुन्हा भांडायला मोकळे झालो.

आता वाटतं, तिथंच कळायला हवं होतं. पण भांडणात एक सुख असतं ना भाऊ. उत्तर सापडलं की ते संपतं.

शेवटच्या आठवड्यातलं भांडण मात्र सुखाचं नव्हतं. तुमची अक्षरांची फाइल उघडेना.

तुम्ही आधी पेंटर. बारावी होऊन मी दुकानात आले तेव्हा तुमच्या नखांत अजून रंग असायचा. पाटी रंगवायला बांबूच्या शिडीवर चढणारे तुम्ही, पुढे कॉम्प्युटर घेतलात, पण त्यातली तयार अक्षरं तुमच्या पसंतीला कधी उतरली नाहीत. मग फुरसत मिळेल तसं एकेक अक्षर कुंच्यानं कागदावर काढायचं, स्कॅन करायचं, कडा घासूनपुसून साफ करायच्या, असं कितीतरी वर्षं चाललं. तुमचा ‘श्री’ तर मावळात गाजला. वधूचे बाप यायचे आणि म्हणायचे, पत्रिका कशीबी करा, पण वर श्री भाऊंचा पायजे. बिस्मिल्ला म्हणून तुम्ही तो श्री मधोमध बसवायचात आणि मी हातातली अगरबत्ती तशीच धरून बघत राहायचे.

ही सगळी अक्षरं तुम्ही एकाच फाइलीत ठेवलीत. मी किती वेळा म्हटलं, वेगवेगळी करा, फाइल जड झालीय, उघडताना मशीनला धाप लागते. तुमचं उत्तर ठरलेलं, ‘घर येक हाय, वायलं ऱ्हायचं न्हाई.’ कागदावरची मूळ अक्षरं वाळवीनं खाल्ली. सीडीवर घेतलेली पावसानं खाल्ली. पेनड्राइव्हला तुम्ही मशीनच्या जवळ फिरकू देत नव्हतात, कारण एका गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हनं एकदा व्हायरस आणून सगळ्या पत्रिकांचं वाटोळं केलं होतं. मशीनच्या तोंडाला तुम्ही चिकटपट्टी लावून टाकलीत. म्हणजे जगात ती अक्षरं एकाच जागी उरली, त्या अडकणाऱ्या चकतीवर. मी नवी डिस्क आणू म्हणत होते, तुम्ही नको म्हणत होतात, आणि मग जेवायची वेळ झाली.

तुम्ही गेल्यावर दुकान उघडलं त्या दिवशी पहिल्या आल्या भाभी. खुर्चीवर बसल्या नाहीत, उंबऱ्यातच टेकल्या. त्यांना वाचता येत नाही, पण बाजारातून चालताना कुठली पाटी तुमची आणि कुठली दुसऱ्याची हे त्या लांबून सांगतात. मला म्हणाल्या, ‘चाळिसाव्याला ह्यांच्या कबरीला डोक्याशी दगड बसवायचाय. आमचा इरफान म्हनतो, दगडवाल्याकडं तयार अक्षरं आसत्यात. मी म्हनलं, न्हाई. ह्यांचं नाव ह्यांच्याच अक्षरात पायजे. तू काढून दे.’

मी हो म्हटलं. तोंडातून हो गेलं, आणि मग आठवलं, फाइल तर उघडत नाही.

तुम्हाला म्हणून सांगते, मी सोपे रस्ते आधी बघितले. जुन्या पत्रिकांवरून अक्षरं उचलून बघितली. ती बारीक, शाई पसरलेली. दगडाच्या मापाला मोठी केली की गालफुगी झाल्यासारखी दिसायला लागली. लोणावळ्याच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला, तो गावी गेलेला. ‘मी आल्याशिवाय हात लावू नका,’ म्हणाला, ‘डिस्क खरंच जात असेल तर दर वेळी चालू करणं म्हणजे जुगार.’ आणि येणार कधी, तर चाळिसावा होऊन गेल्यावर.

मग मीच बसले जुगाराला.

तुमची शिकवण माझ्या स्वभावाविरुद्ध होती, माहितीये ना तुम्हाला? ‘येका टायमाला येकच बदल कर. दोन बदलल्या की कशानं बरं झालं ते कळत न्हाई.’ मी पडले उतावळी. वायर बदलीन, प्लग बदलीन, मशीन आपटून बघीन आणि वर देवाला नारळही बोलीन, सगळं एकाच वेळी. तुम्ही समोर बसून ते करू द्यायचा नाहीत. आता समोर कोणी नव्हतं, तरी मी एकेकच करत गेले. कसं केलं ते मला विचारा! एक वायर बदलायची, मशीन लावायचं, फाइलीवर दोनदा क्लिक करायचं आणि बसायचं. उघडतेय, उघडतेय, पट्टी निम्म्यावर येते आणि कट्‌कट्. मी खुर्चीतून उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे, लाल दिव्याकडे बघायचे, पुन्हा दारापर्यंत. आबा गिरणीतून ओरडले, ‘संगे, कुटं निघालीस?’ कुठंच नाही, आबा.

डिस्कची वायर बदलली. फरक नाही. विजेची बदलली. फरक नाही. मग गिरणीचा सुट्टीचा दिवस आला. सगळा बाजार शांत, वीज अगदी गोगलगाय. मी मुद्दाम त्या दिवशी मशीन लावलं. दुपार व्हायच्या आत अडकलं. म्हणजे गिरण निर्दोष. तुमचा एक संशयित सुटला, भाऊ, आणि मला आनंद व्हायला हवा होता. इतकी वर्षं मी म्हणत होते ना, गिरण नाही, गिरण नाही? पण मी जिंकले आणि सांगायला तुम्ही नाही. मी चिडून टेबलावर हात आपटला, हात दुखला, आणि मग रडले. आबांकडे जाऊन सांगितलं, तुमची गिरण नव्हती. आबा म्हणाले, ‘मला ठावं हुतं. पर आता मला त्याचं काय करायचंय? भांडाया मानूस ऱ्हायला का?’ 

मधल्या काळात चौकात तुमचा फ्लेक्स लागला, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा. लोकांनी प्रेमानं लावला, मला कळतं. पण भाऊ, अक्षरं ताणलेली होती! जागा भरावी म्हणून कुणीतरी ती आडवी ओढली होती. तुम्ही मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं की अक्षर ओढायचं नाही, ओढलं की त्याची हाडं मोडतात. मी त्या फ्लेक्सखालून जाताना दर वेळी मान खाली घालते आणि तुमच्या वतीनं शिव्या देते. हळूच देते. बहुतेक तुम्ही हसला असतात. किंवा शिडी मागवली असतीत.

असं म्हणू नका की मला नुसतं चिडायचं होतं. मशीनसमोर वाट बघत बसलं की काय काय आठवतं. ती पत्रिका आठवते का? आपली पद्धतच तशी, नवी पत्रिका नव्यानं करायची नाही, जुनी उघडायची आणि नावं बदलायची. सगळ्या कामशेतात असंच करतात. एकदा खालच्या ‘स्वागतोत्सुक’ मंडळींत मागच्या लग्नातलं एक नाव तसंच राहिलं. मी टाइप केलेली, मीच तपासलेली. पत्रिका वाटून झाल्यावर वधूचे काका लाल डोळ्यांनी दुकानात, ‘हा मानूस कोन? आमचा कोन लागतो?’ तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘चूक माजी.’ आणि लग्नाच्या दिवशी तो माणूस, ज्याचा कुणाशी काही संबंध नाही, पत्रिकेत आपलं नाव वाचून, नवा फेटा बांधून दारात पाहुण्यांचं स्वागत करायला उभा! दिवसभर उभा राहिला. आता दोन्ही घरांचा इतका घरोबा आहे की त्यांच्यात सोयरीकही झाली. तुम्ही म्हणायचात, ‘संगीच्या चुकीनं जुळलेलं लगीन.’ पण ‘चूक माजी’ म्हणालात ना त्या दिवशी, ते मी विसरले नाही. तुमचे आभार मानायचे राहून गेले. आपल्यात आभार मानायची पद्धत नव्हती, भांडायची होती.

तर मशीन. चाळिसावा जवळ येत चालला होता आणि भाभी रोज कुणाच्या तरी हाती निरोप पाठवत होत्या. एका दुपारी कपाटात टप्प असा आवाज झाला. मला वाटलं, डिस्क गेली. संपलं. दार उघडलं तर आत अंधार. बल्ब उडाला होता. तुमचा शंभराचा बल्ब.

कपाटाचं दार उघडंच टाकून मी आधी बल्ब आणायला धावले. विचारसुद्धा केला नाही. सकाळी दुकान उघडलं की झाडू, अगरबत्ती, बल्ब, मशीन, ही इतक्या वर्षांची सवय. इलेक्ट्रिकचं दुकान जेवणासाठी बंद. परत आले, चरफडत नव्या कॉम्प्युटरवर एक बारशाचं कार्ड केलं. मग कपाटातल्या मशीनकडे वळले. वळले म्हणजे, आशा अशी नव्हतीच. सवयीनं फाइलीवर क्लिक केलं आणि दारापर्यंत जायला उठले.

परत आले तर पट्टी निम्म्याच्या पुढे गेली होती.

मी उभीच राहिले. बसायची हिंमत होईना, म्हटलं, खुर्ची वाजली तर अडकायचं. पट्टी सरकत होती. लाल दिवा उघडमीट करत होता, श्वास घेतल्यासारखा. मी कपाटात हात घालून मशीनच्या पत्र्याला लावला. थंड होता, भाऊ. इतक्या वर्षांत तो पत्रा मी कधी थंड बघितला नव्हता.

आणि एकदम सगळं कळलं. ओल नाही, गिरण नाही, डिस्कचं वयही नाही. सकाळी शहाणं आणि दुपारी वेडं का, तर तोवर कपाट तापलेलं असायचं, आणि शंभराचा बल्ब लागल्यापासून तर सकाळीच. लोणावळ्याला दोष का दिसला नाही, तर तिथं टेबलावर वारा होता, बल्ब नव्हता. आपण त्याला भाजत होतो. ते गुदमरून थांबत होतं, आणि ते थांबलं की तुम्ही म्हणत होतात, ओल धरली, आणि आणखी मोठा बल्ब लावत होतात. आणि तो रोज सकाळी पेटवत होते मी. आपण दोघांनी मिळून, मायेनं, व्यवस्थित दार लोटून त्याला भट्टीत ठेवलं होतं!

मला हसू आलं. मग राग आला. मग इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हे तुम्हाला सांगायचं होतं. हे एवढं एक तुम्हाला सांगायला मिळालं असतं तर मी पुढची दहा भांडणं हरायला तयार होते. तुम्ही पायजम्यावर हात आपटून हसला असतात आणि शेवटी म्हणाला असतात, ‘म्हंजे तुजंबी चुकलंच की!’ हो, भाऊ. माझंही चुकलंच.

फाइल उघडली. सगळी अक्षरं पडद्यावर आली, ओळीनं, क पासून. मी कितीदा बघितलेली, पण त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना. कुंच्याचा दाब जिथं वाढला तिथं रेघ जाड, हात जिथं उचलला तिथं शेपटी बारीक. तुमचा हात तिथं होता. बाकी कुठंच नव्हता.

तुमची चिकटपट्टी मी नखानं सोलून काढली. माफ करा, पण नवा पेनड्राइव्ह होता, कोरा, कुणाच्या मशीनला न लागलेला. फाइल उतरवली. नव्या कॉम्प्युटरवर लावून उघडून बघितली. मग दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवली, मग इरफानला पाठवली, पुन्हा पाठवली. तो म्हणाला, ‘ताई, तीच फाइल परत आली.’ म्हटलं, येऊ दे.

आणि मग मी एक वेडेपणा केला. तुम्ही म्हणायचात ना, ‘दोष बोलावल्यावर आला, तरच सापडला म्हन.’ इलेक्ट्रिकचं दुकान उघडलं तसा मी शंभराचा बल्ब आणला, कपाटात लावला, दार लोटलं आणि बसून राहिले. गरज काही नव्हती. अक्षरं वाचली होती, काम झालं होतं. पण मी वाट बघत बसले. पत्रा कोमट झाला, मग गरम. मी माउस हलवत होते. आणि मग बाण थांबला. लाल दिवा एकटक. कट्‌कट्, कट्‌कट्.

मी ते बंद केलं नाही. थोडा वेळ ऐकत बसले. तुम्ही समोर आहात आणि आता म्हणणार आहात की गिरण सुरू झाली वाटतं, असं वाटत राहिलं. मग उठून बल्ब काढला आणि मशीन कपाटातून बाहेर टेबलावर आणून ठेवलं. आता तिथंच आहे. अडकत नाही.

नाव जुळवायला दुसरा दिवस घेतला. घाईत करायचं नव्हतं, आणि हे मी म्हणतेय यावर तुमचा विश्वास बसणार नाही. तुम्ही शिकवलं होतं, ‘अक्षर बघू नको, दोन अक्षरांमधली जागा बघ.’ मी तेच केलं. नाव वाचलंच नाही. नुसत्या जागा बघत होते, इथं केसभर जवळ, तिथं केसभर लांब. रफारासारखी वळलेली वेलांटी कुठं टेकवायची यावर बराच वेळ गेला. तुम्ही असतात तर वाद झाला असता आणि तो मी हरले असते. मग बटर पेपरवर दगडाच्या मापाची प्रिंट काढली, गुंडाळली नाही, सुरकुती पडेल म्हणून दोन्ही हातांत आडवी धरून तुमच्या घरापर्यंत चालत गेले. बाजारातल्या लोकांनी वाट करून दिली.

भाभी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मी कागद त्यांच्यासमोर धरला. उजेड कागदातून आरपार येत होता. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि बोटानं पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, कागदाला न टेकवता, रेघ धरून गेल्या.

‘व्हय,’ म्हणाल्या. ‘ह्यांचंच हाय.’

मी कागद खाली ठेवायला लागले. त्या म्हणाल्या, ‘थांब. वाचून दाव.’

भाऊ, तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांत मी तुम्हाला भाऊच म्हणत आले. तुमचं नाव माझ्या तोंडून कधी निघालंच नव्हतं. आणि भाभींनी तर लग्न झाल्यापासून ते घेतलं नव्हतं. हे, ह्यांनी, ह्यांचं, इरफानचे अब्बा. त्या ओट्यावर तुमचं नाव कुणी मोठ्यानं घेत नव्हतं. घेणारे तुमचे आईवडील केव्हाच गेले.

भाभी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

‘दस्तगीर,’ मी वाचलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग डोळे न उघडताच मला म्हणाल्या, ‘आजून येकदा वाच.’